एका रस्त्याचे दोन नळ

कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञाला नवे जीव धुंडाळायला रानावनात हिंडावं लागलं नाही. हॅम्बुर्ग शहराचा नळ सोडला की त्याचं काम भागत होतं. १८८०च्या दशकाच्या मध्यावर त्याने आपल्या शहराच्या जलवाहिन्यांत नांदणाऱ्या प्राण्यांवर एक रीतसर निबंध छापला. त्यात शिंपले होते, गोगलगाई होत्या, कृमी होते, कोळंबीच्या भाऊबंदांतले बारके जीव होते आणि अधूनमधून तोटीपर्यंत पोचणारे वाम मासेही होते. जाती डझनावारी मोजाव्या लागल्या. शास्त्र म्हणून काम चोख होतं. शहराने त्यावर विनोद केले आणि तेच पाणी पुढे प्यायला घेतलं.

आपल्याकडे नळाच्या तोटीला फडकं बांधतात. आठवड्याने ते सोडून झटकलं की चिमूटभर वाळू, शेवाळाचा गोळा, एखादी अळी निघते आणि घरातल्या बाईला आपण मोठं संकट अडवल्याचं समाधान मिळतं. फडक्यात अडकतं ते डोळ्यांना दिसणारं. हॅम्बुर्गमध्ये पुढे माणसं ज्याने मेली ते फडक्यातून आरपार जाणारं होतं. हॅम्बुर्गच्या नळातले मासे तसे निरुपद्रवीच होते, पण जिथून वाम येऊ शकतो तिथून आणखी काय काय येऊ शकेल, हा हिशेब कुणी मांडला नव्हता असं मात्र नाही. तो मांडलेला होता, वहीत लिहिलेला होता, सभेत वाचलेला होता. पैसे कोणी द्यायचे एवढंच ठरत नव्हतं.

हॅम्बुर्ग तेव्हा जर्मन साम्राज्याचं सगळ्यात मोठं बंदर होतं. नावाने साम्राज्यात, कारभाराने वेगळं. स्वतःचं सिनेट, स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचे कायदे. तो कारभार हाकणारे कोण, तर व्यापारी, जहाजमालक, वकील आणि घरमालक. स्थानिक मताचा हक्क ऐपतवाल्यांपुरता. गोदीत हमाली करणाऱ्याला बर्लिनच्या राइशटागसाठी, म्हणजे साम्राज्याच्या संसदेसाठी, मत देता येई, आणि १८९० साली हॅम्बुर्गच्या तिन्ही जागा त्याने समाजवाद्यांच्या पदरात टाकल्याही होत्या. पण त्याच्या जिन्याखालच्या नळाचं काय करायचं हे जिथे ठरत होतं त्या सभेत त्याला पाऊल ठेवता येत नव्हतं. हे ध्यानात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

मुळात हा नळ शहराच्या अभिमानाचा विषय होता. मे १८४२ मध्ये हॅम्बुर्गला भीषण आग लागली. जुन्या गावाचा मोठा भाग राख झाला, वीस हजार माणसं उघड्यावर आली. त्या राखेवर नवं शहर आखायचं काम विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याकडे आलं. तो तिथे खरं तर रेल्वे टाकायला आला होता. त्याने जमिनीखालून गटारं बांधली आणि १८४८ साली रोथेनबुर्गसोर्ट इथे एल्ब नदीच्या काठी वाफेच्या पंपांवर चालणारं पाणीपुरवठा केंद्र उभं केलं. आगीने पोळलेल्या शहराला सगळ्यात आधी काय हवं असेल तर दाबाने येणारं भरपूर पाणी, आणि लिंडलीने ते दिलं. युरोपच्या मुख्य भूमीवर तेव्हा फार थोड्या शहरांत घरोघर नळ होते.

नदीचं पाणी उपसायचं, मोठ्या हौदांत थोडा वेळ स्थिर ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी शहरात सोडायचं, एवढीच रीत. गाळण नव्हती. १८४८ साली ती नसणं समजून घेता येईल. पुढल्या चाळीस वर्षांत शहर तिपटी-चौपटीने वाढलं, हौद तेवढे वाढले नाहीत, आणि पाण्याला गाळ टाकायला मिळणारा वेळ आक्रसत गेला. त्यात एल्बची एक खोड होती. समुद्र इथून शंभर किलोमीटरहून दूर आहे, तरी भरतीचं पाणी शहराच्या वरपर्यंत चढतं. गटारं शहराच्या खालच्या अंगाला नदीत सोडली होती आणि पाणी वरच्या अंगाला उचललं जात होतं. कागदावर हे बिनतोड दिसतं. पण दिवसातून दोनदा भरती यायची आणि खाली सोडलेलं सगळं परत वर घेऊन जायची.

पाणी वाळूतून गाळावं ही काही त्या काळाची नवी कल्पना नव्हती. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात जॉन गिबने १८०४ साली आपल्या कापड धुवायच्या कारखान्यासाठी वाळूची गाळणी बांधली होती आणि उरलेलं पाणी तो लोकांना विकत असे. लंडनमध्ये चेल्सीच्या पाणी कंपनीसाठी जेम्स सिम्पसनने १८२९ साली मोठ्या प्रमाणावर तेच केलं. १८५२च्या कायद्याने लंडनच्या पाणी कंपन्यांना गाळण सक्तीची झाली. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाभोवतीचे मृत्यू एकेक करून टिपले आणि पटकी पाण्यातून येते हे जवळजवळ सिद्ध केलं. जवळजवळ म्हणायचं कारण तेव्हा बहुतेकांना ते पटलं नाही.

हॅम्बुर्गच्या अभियंत्यांनाही हे ठाऊक होतं. १८७०च्या दशकापासून वाळूच्या गाळणीचे प्रस्ताव सिनेटपुढे येत राहिले. घरमालकांना करवाढ नको होती. पाणी आधीच बेसुमार वाया जातं, मग घरोघर मीटर बसवा आणि नंतर गाळणीचं बघू, असं एका बाजूचं म्हणणं. मीटरचा खर्च आमच्या बोडक्यावर का, असं दुसऱ्या बाजूचं. समित्या बसल्या, उठल्या. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या सभांची इतिवृत्तं ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे सारं घरचंच वाटेल. शेवटी १८९०च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि काल्टेहोफे नावाच्या एल्बमधल्या बेटावर गाळणीचे हौद बांधायला घेतले. १८९२च्या उन्हाळ्यात ते अर्धवट होते.

आता शेजारच्या गावाकडे वळू. आल्टोना हे प्रशियाच्या राज्यातलं शहर हॅम्बुर्गला इतकं खेटून होतं की परक्याला हद्द कळू नये. त्याच्या नावाबद्दल एक लोककथा आहे: स्थानिक बोलीत 'आल टो ना', म्हणजे 'फारच जवळ'. ही व्युत्पत्ती भाषापंडितांना मान्य नसेल, पण हॅम्बुर्गकरांची तक्रार तिच्यात नेमकी उतरली आहे. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला होतं. हॅम्बुर्गच्या गटारांचं पाणी पोटात घेऊनच एल्ब त्याच्याकडे यायची, आणि गाव ब्लांकेनेझेपाशी तेच पाणी उचलायचं. म्हणजे खरं तर आल्टोनाकरांचं पाणी जास्त घाण. म्हणूनच त्यांनी १८५९च्या सुमारास वाळूची गाळणी बांधली होती. घाण डोळ्यांसमोर होती म्हणून त्यांना अक्कल आली, असं म्हणायला हरकत नाही.

१८९२ साली रशियात पटकीची साथ जोरात होती. तिथल्या छळाला आणि दारिद्र्याला कंटाळलेली हजारो माणसं, त्यांत बहुतेक ज्यू, अमेरिकेला जायला हॅम्बुर्गच्या बंदरात येत. त्यांना धक्क्याजवळच्या बराकींत ठेवत, आणि त्या बराकींची सांडपाण्याची सोय म्हणजे एल्बच. साथ त्यांच्याबरोबर आली की आणखी कुणाबरोबर, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. वर्तमानपत्रांनी तर त्या गरिबांवरच खापर फोडलं. हेच प्रवासी ब्रेमेनच्या बंदरातूनही जात होते. ब्रेमेनच्या पाण्याला गाळणी होती, आणि तिथे पटकीने मेलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजता आली.

त्या ऑगस्टमध्ये असह्य उकाडा होता. एल्बचं पाणी खाली गेलं होतं आणि कोमट झालं होतं. १५ तारखेच्या आगेमागे बंदरात काम करणाऱ्या मजुरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. शरीरातलं पाणी काही तासांत संपतं, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळे खोल जातात, त्वचा सुरकुतते, आवाज बसतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी गार. आपल्या आजी-पणजींना हे लक्षण तोंडपाठ होतं. त्या या रोगाला पटकी म्हणत, जरीमरी म्हणत आणि वेशीवर मरीआईचा गाडा ओढून नेत. गंमत अशी की युरोपला या दुखण्याचं एक नाव आपल्याच भाषेने दिलं आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ताने १५६३ साली छापलेल्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं, आणि पोर्तुगीजांनी कोकणी-मराठीतल्या 'मोडशी'चं 'मोर्देशी' केलं. फ्रेंचांच्या कानांना ते 'मोर द शियँ' ऐकू आलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. चूक ऐकलं, पण फारसं चुकलं नाही.

आल्टोनातल्या एका डॉक्टरने पहिल्याच रुग्णांत पटकी ओळखली. वरिष्ठांनी ते मानलं नाही. हॅम्बुर्गचे आरोग्यप्रमुख योहान क्राउस यांची भूमिका अशी की प्रयोगशाळेत जंतू वेगळा काढून दाखवल्याखेरीज पटकी हा शब्द उच्चारायचा नाही. सावधपणा म्हणून हे ऐकायला बरं वाटतं. पण बंदर बंद झालं तर दिवसाला किती नुकसान, हे हॅम्बुर्गमध्ये प्रत्येकाला तोंडपाठ होतं, आणि क्राउसही त्याच हवेत श्वास घेत होते. रुग्णालयातल्या ऑयगेन फ्रेंकेल यांना २२ ऑगस्टला शुद्ध जंतू हाती लागला. अधिकृत घोषणेला आणखी दिवस-दोन दिवस गेले. पहिल्या रुग्णापासून घोषणेपर्यंत आठवडा उलटला होता, आणि त्या आठवड्यात नळ अहोरात्र वाहत होते. कुणी पाणी उकळून प्यायला सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात 'मोराव्हिया' नावाची आगबोट बंदरातून निघाली. बंदरात साथ नाही, असा स्वच्छ दाखला तिच्याबरोबर होता. ३० ऑगस्टला ती न्यूयॉर्कला पोचली तेव्हा वाटेत २२ जण पटकीने मेलेले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी स्थलांतरितांच्या जहाजांना वीस दिवसांच्या विलगीकरणात अडकवलं. व्यापार वाचवायला लपवलेल्या साथीने जगभरची बंदरं हॅम्बुर्गला बंद करून दाखवली.

२४ ऑगस्टला बर्लिनहून रॉबर्ट कॉख आले. पटकीचा जंतू शोधणारा माणूस म्हणून त्यांचं नाव तेव्हा दुमदुमत होतं. तो शोध त्यांनी इजिप्तमध्ये सुरू करून १८८४च्या सुरुवातीला कलकत्त्यात पुरा केला होता. तिथल्या एका तळ्यात, ज्यात वस्ती कपडे धुवायची, आंघोळ करायची आणि ज्याचं पाणी प्यायचीही, त्यांना तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला होता. हॅम्बुर्गमध्ये त्यांना गेंगेफिर्टेल, म्हणजे बंदरामागच्या बोळवस्तीत नेलं. लाकडी घरं एकमेकांवर रेललेली, बोळ इतके अरुंद की दोघं शेजारून जाऊ शकत नाहीत, ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही. ते पाहून कॉख बरोबरच्यांना म्हणाले, 'सभ्य गृहस्थहो, आपण युरोपात आहोत याचा मला विसर पडतोय.'

हे वाक्य जर्मनीत फार गाजलं. अजूनही सांगतात. मला ते वाचताना दर वेळी हसू येतं, कारण कॉख ज्या आशियातून येऊन हे म्हणत होते त्या कलकत्त्याला १८७० सालापासून पलता इथल्या केंद्रातलं, वाळूतून गाळलेलं पाणी नळाने येत होतं. ते सगळ्या शहराला पुरत नव्हतं, ज्या वस्त्यांना मिळत नव्हतं तिथे तळ्यांचाच आधार होता, आणि नळाचं पाणी सोवळ्याला चालतं का यावर तिथे वादही रंगले. पण ते पाणी आल्यावर पटकीचे मृत्यू घटले, याकडे कॉख यांनी स्वतःच लक्ष वेधलं होतं. हॅम्बुर्ग 'आशियाई पटकी' म्हणत कपाळाला हात लावत होतं तेव्हा आशियातल्या त्या शहराचा श्रीमंत भाग हॅम्बुर्गपेक्षा चांगलं पाणी पीत होता.

ऑगस्ट संपता संपता दिवसाला हजारावर नवे रुग्ण येऊ लागले. रुग्णवाहिका पुरेनात म्हणून भाड्याच्या घोडागाड्या आल्या. शववाहिन्या पुरेनात म्हणून फर्निचरच्या गाड्या आल्या. ओल्सडोर्फच्या दफनभूमीत रात्रंदिवस खड्डे खणले जात होते. शाळा बंद, बाजार ओस. ज्यांना जमलं ते गाव सोडून गेले, आणि गेले तिथे त्यांना कुणी दारात उभं करेना. कॉख यांच्या आग्रहाने उकळलेलं पाणी पिंपांतून वस्त्यावस्त्यांत फिरवलं गेलं. बिअरच्या कारखान्यांनी आपले मोठाले हंडे पाणी उकळायला दिले. आणि 'पाणी उकळून प्या' ही पत्रकं गरिबांच्या दारोदार पोचवायची कुणी, हा प्रश्न आला तेव्हा सिनेटला समाजवादी पक्षाचा दरवाजा ठोठावावा लागला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्या पक्षावर बंदी होती, ज्याच्या माणसांमागे पोलीस असत, त्याच्याच कार्यकर्त्यांना शहराचा एकेक जिना माहीत होता. सिनेटला तो माहीत नव्हता.

पाणी सगळ्यांचं एकच होतं, मरण मात्र सारखं नव्हतं. बड्या घरांत मोलकरीण होती, चूल होती, कोळसा होता, पाणी उकळून थंड करायला सवड होती. एका खोलीत सात-आठ जण राहणाऱ्या गोदी कामगाराच्या घरी उकळलेलं पाणी ही चैन होती. मिळकतीची पायरी जसजशी खाली जाते तसतसा मृत्यूचा आकडा वर चढतो, हे नंतरच्या सरकारी तक्त्यांत स्पष्ट दिसलं. साथ ओसरली तेव्हा हॅम्बुर्गमध्ये सुमारे १७,००० माणसं आजारी पडून गेली होती आणि ८,६०५ मेली होती. लोकवस्ती सहा लाखांहून थोडी जास्त. शेजारच्या आल्टोनात रुग्ण पाचशेच्या घरात होते, आणि त्यांतल्या पुष्कळांना लागण हॅम्बुर्गातच झाली होती.

आता मथळ्यातल्या रस्त्याविषयी. त्याचं नाव शुल्टरब्लाट, म्हणजे खांद्याचं फावड्यासारखं चपटं हाड. पूर्वी तिथे एक खानावळ होती आणि तिच्या दारावर पाटी म्हणून देवमाशाचं ते हाड टांगलेलं होतं, त्यावरून नाव पडलं. या रस्त्याच्या काही भागात एक बाजू हॅम्बुर्गची आणि दुसरी आल्टोनाची. माती तीच, हवा तीच, उकाडा तोच. लोक दोन्ही बाजूंचे सारखेच गरीब, एकाच धक्क्यावर राबणारे, एकाच गुत्त्यात बसणारे. जमिनीखाली मात्र दोन वेगळे नळ. एका बाजूच्या घरांत पटकीने माणसं मरत होती. समोरच्या बाजूला शांत होतं.

त्यातही एक जागा होती तिने सगळा वादच मिटवला. हॅम्बुर्गर होफ नावाचा कामगारांच्या चाळींचा एक चौक. नावात हॅम्बुर्ग, हद्द हॅम्बुर्गची, कर हॅम्बुर्गला. पण नळ टाकताना आल्टोनाची वाहिनी जवळ पडली म्हणून जोडणी तिकडून घेतलेली. चौकात साडेतीनशे-चारशे माणसं दाटीवाटीने राहत होती. भोवतालच्या हॅम्बुर्गी घरांत रोग हिंडत असताना या चौकात पटकीचा एकही रुग्ण झाला नाही. कुठल्या नळगड्याने अंतर मोजून, थोडी नळी वाचेल म्हणून ती जोडणी केली, त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही.

कॉख यांनी नंतर लिहिलं, की लाखावर माणसांवर जणू एक प्रयोग झाला, आणि बाकी सगळ्या गोष्टी सारख्या ठेवून फक्त एकच गोष्ट बदललेली होती. कुठल्याही शास्त्रज्ञाने असा प्रयोग आखला असता तर त्याला फासावर दिला असता. हॅम्बुर्गच्या सिनेटने तो नकळत, काटकसरीपोटी करून दाखवला.

एवढं होऊन सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र घडलं नाही. म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर नावाचे थोर आरोग्यशास्त्रज्ञ होते. त्यांनी आयुष्यभर शिकवलं की नुसत्या जंतूने पटकी होत नाही. जंतू हवा, शिवाय कुजणारी ओलसर जमीन हवी, शिवाय माणसाची प्रकृती कमजोर हवी. त्यांच्या आग्रहाने म्युनिकची गटारं आणि पाणी सुधारलं होतं, तेव्हा त्यांना खुळे ठरवायचं कारण नाही. पण त्यांचा सिद्धांत हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना फार सोयीचा पडला होता. रोग जमिनीतून उठत असेल तर बंदर कशाला बंद करा आणि गाळणीवर पैसे कशाला ओता? ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, हॅम्बुर्गची साथ पुरती विझायच्या आत, ७३ वर्षांच्या पेटेनकोफरनी जिवंत जंतूंचा घोट साक्षीदारांसमक्ष पिऊन टाकला. जठरातल्या आम्लाने जंतू मेले अशी पळवाट कुणाला मिळू नये म्हणून आधी सोडाही घेतला. त्यांना थोडे जुलाब झाले, बस्स. त्यांचे शिष्य एमेरिक यांनी दहा दिवसांनी तेच केलं, ते बरेच आजारी पडले, पण वाचले. गुरू म्हणाले, पाहा, ही काही पटकी नव्हे. म्हाताऱ्याच्या छातीला दाद द्यावी लागते. पण एका माणसाचं आतडं काय म्हणतं यापेक्षा हॅम्बुर्गर होफमधली साडेतीनशे आतडी काय म्हणाली, हा पुरावा मोठा होता. १९०१ साली पेटेनकोफरनी पिस्तुलाने स्वतःचा शेवट केला.

१८९२च्या त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, पॅरिसमध्ये वाल्देमार हाफकिन हा रशियातून आलेला तरुण ज्यू जंतुशास्त्रज्ञ पटकीवरची लस स्वतःला टोचून बघत होता. पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला आणि पुढे मुंबईचा झाला. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. पण ती वेगळी कथा आहे.

वाळूची गाळणी म्हणजे तरी काय? तळाला गोटे, वर खडी, त्यावर रेव, सगळ्यात वर हातभर बारीक वाळू, आणि तिच्यावर उभं पाणी. पाणी आपल्या भाराने खाली झिरपतं. आपल्याला वाटतं वाळू जंतूंना अडवते. वाळूच्या कणांमधल्या फटी जंतूच्या मानाने दरवाजाएवढ्या असतात. खरं काम करते ती वाळूच्या माथ्यावर काही दिवसांनी धरणारी बुळबुळीत साय. शेवाळ, सूक्ष्म प्राणी, निरुपद्रवी जंतू यांची ती दाट वस्ती असते आणि आलेल्या परक्याला ती खाऊन टाकते. जर्मन लोक तिला श्मुट्झडेके म्हणतात, घाणीची चादर. ही साय धरेपर्यंत उतरणारं पाणी फेकून द्यावं लागतं, आणि धरल्यावर पाणी घाईने ओढलं तर ती फाटते. तासाला अर्धी वीत, १०० मिलिमीटर, याहून वेगाने पाणी खाली उतरू देऊ नये आणि गाळलेल्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभरापेक्षा जास्त जंतू सापडू नयेत, हे दोन दंडक कॉख यांनी हॅम्बुर्गच्या अनुभवावरून घातले. नळाचं पाणी चांगलं की वाईट हे रंग, वास आणि चव यांवर ठरायचे दिवस तिथे संपले. रोज मोजायचं आणि मोजलेलं लिहून ठेवायचं, ही सवय तिथून पडली.

गाळणी बांधून मोकळं होता येत नाही, हेही लवकरच कळलं. १८९३च्या जानेवारी-फेब्रुवारीत आल्टोनातच, त्या शहाण्या आल्टोनात, पटकीचे रुग्ण झपकन वाढले. कडाक्याच्या थंडीत एक हौद साफ करायला रिकामा केला होता, उघडी पडलेली वाळू गोठली, आणि नंतर तिच्यावर पाणी सोडल्यावर ते न गाळताच खाली उतरलं. रोजच्या मोजणीत जंतूंचा आकडा चढलेला दिसला, तेव्हा दोष नेमका कुठे आहे ते सापडलं. हॅम्बुर्गला जे आठ हजार मृत्यूंनंतर कळलं ते इथे काही डझन रुग्णांवर उमगलं.

काल्टेहोफेचं काम मग दिवसरात्र रेटण्यात आलं. जे १८९४च्या आधी होणार नव्हतं ते मे १८९३ मध्ये पूर्ण झालं. वीस वर्षं ज्याला पैसा नव्हता त्याला नऊ महिने पुरले. घटनेत दुरुस्ती होऊन मतदारांची संख्या १८९६ साली थोडी वाढली, थोडीच. बोळवस्त्या हळूहळू पाडल्या गेल्या. बेर्नहार्ट नोख्ट हे बंदराचे वैद्य झाले आणि त्यांनी १९०० साली काढलेली उष्णकटिबंधातल्या रोगांची संस्था आजही नावाजलेली आहे. नव्या नगरभवनाच्या आतल्या चौकात एक कारंजं बसवलं. वर आरोग्याची देवता हायगिया पाण्याचं पात्र उचलून उभी आहे आणि तिच्या पायाखाली ड्रॅगन तुडवला जातो आहे. तो ड्रॅगन म्हणजे १८९२ची पटकी. घरमालकांच्या संघाला त्या शिल्पात कुठेच जागा मिळालेली नाही.

काल्टेहोफेचे हौद १९९० पर्यंत वापरात होते. आता तिथे पाण्याचं संग्रहालय आहे आणि रिकाम्या हौदांत पाणपक्षी राहतात. हॅम्बुर्ग आज एल्बचं पाणी पीत नाही, खोल विहिरींचं पितं. १९३७च्या कायद्याने आल्टोना हॅम्बुर्गात विलीन झालं. तेव्हापासून शुल्टरब्लाटच्या दोन्ही बाजू एकाच शहरात आहेत.